बाई खाली, क्वार्टर खाली

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको. कचेरीत माझ्या पाठीमागं मला काय म्हणायचे ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते छापण्यासारखं नाही. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला की समोरची माणसं हळूच फाइली आवरायला लागायची. पण मराठवाड्यातल्या त्या गावात त्या दिवशी जे झालं, ते नेहमीचं चिडणं नव्हतं. आधी मी सुन्न झाले. राग मागाहून आला, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता गेलेला नाही.

हिशेबतपासनीस म्हटलं की लोकांना वाटतं, पावत्या जुळवणारा माणूस. नोकरीची पहिली वर्षं मीही तेच केलं. पण सत्तरच्या दशकात आमच्या खात्यात एक नवं काम सुरू झालं. पैसे नियमानं खर्च झाले का, एवढ्यावर थांबायचं नाही. ज्यासाठी खर्च झाले ते घडलं का, हे जाऊन बघायचं. दवाखाना बांधला, छान झालं. पण तिथं कुणी बरं होतं का? रस्ता केला, उत्तम. त्यावरून गाडी जाते का? हे मला मनापासून आवडलं. अशा पथकांची मी प्रमुख झाले तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. विश्रामगृहावर उतरलं की खानसामा माझ्या मागं डोकावून बघायचा आणि विचारायचा, "साहेब कधी येनार हायेत?" मी म्हणायची, "आले की. चहा टाका."

त्या वर्षी आमच्याकडं खेड्यातल्या नर्सबायांचं काम होतं. बाळंतपणं सुखरूप व्हावीत म्हणून सरकारनं गावोगाव नर्स नेमल्या, त्यांना राहायला दोन-दोन खोल्यांची क्वार्टरं बांधली. अट एकच, बाईनं गावात मुक्काम करायचा. कारण बाळंतपण काही कचेरीची वेळ बघून येत नाही. मग आमचा प्रश्न साधा होता, बाई गावात राहते का? ज्या खात्याच्या त्या नर्स होत्या, त्या खात्यानं आम्हाला कळवून ठेवलं होतं की तुमच्या अहवालात जी राहत नाही असं येईल आणि जिची नेमणूक तात्पुरती असेल, तिला घरी बसवू. आमचा एक शेरा आणि एका बाईची भाकरी, इतका सरळ मामला होता तो.

जालना तेव्हा जिल्हा व्हायचा होता. सगळं औरंगाबादच्या हाताखाली. आम्ही जालन्याच्या विश्रामगृहात तळ ठोकला होता. माझा सहायक मूळचा पुण्याचा, पण काही वर्षं औरंगाबादेत काढलेला. इथली बोली आपल्याला येते, याचा त्याला भारी अभिमान. मी साताऱ्याकडची. मला इथलं अर्धं कळायचं नाही. पहिल्याच दिवशी जुन्या जालन्यात, कापडाच्या पेठेजवळच्या एका हॉटेलात आम्ही शिरलो. मालक म्हणाला, "ते टेबल खाली हाय, बसा बाई." मी आपली जिना शोधत राहिले. सहायक खो खो हसला.

"मॅडम, इथं खाली म्हणजे रिकामं! हैदराबादी अमदानीतली उर्दू आहे ती."

"मग खाली म्हणजे खाली असेल तेव्हा काय म्हणतात?"

"तेव्हाही खालीच म्हणतात," तो म्हणाला आणि भज्यांची ऑर्डर दिली. त्या वेळी मला ती गंमतच वाटली.

काम संपत आलं होतं. सगळे शेरे लिहून झाले होते, माझी सही तेवढी राहिली होती. अशात एका सकाळी विश्रामगृहाच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, चपलेवर वीतभर धूळ. अंबड तालुक्यातल्या एका गावची नर्स. पहाटेची एसटी पकडून आली होती. तिच्या कानावर गेलं होतं की तिचं नाव घरी बसवायच्या यादीत आहे.

"मी गावातच राहते, बाई," ती म्हणाली. "एक दिवस गाव सोडलं न्हाई. कुणालाबी विचारा."

मी सहायकाकडं पाहिलं. तो स्वतः त्या गावी जाऊन आला होता. त्यानं टिपण काढलं आणि जरा ताठ होऊन वाचलं. गावातल्या दोघा-तिघांना विचारलं, नर्सबाई कुठं आहे? उत्तर, खाली. क्वार्टरचं काय? उत्तर, खाली. म्हणजे जागाही रिकामी, घरही रिकामं. दार त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. कुलूप गंजलेलं.

"बराबर हाय," नर्स म्हणाली. "क्वार्टर खालीच हाय. अन मी खाली राहते."

"ऐकलंत?" सहायक मला म्हणाला. "स्वतःच कबूल करतायत."

मी चष्मा काढला. "अहो, बाई रिकामी कशी असेल? काय बोलताय काय तुम्ही?"

मग तिनंच उलगडून सांगितलं. क्वार्टर खाली म्हणजे रिकामं. ती खाली म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात. गावानं एका दमात दोन्ही सांगितलं होतं, बाई खाली, क्वार्टर खाली. आणि आमचे बोलीपंडित दोन्हीकडं रिकामं लिहून मोकळे झाले होते! साताऱ्याचा कुणी अडाणी गेला असता तर निदान बाई तरी सापडली असती. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. सहायकाचे कान लाल झाले. मी हसतच होते, आणि मग माझ्या ध्यानात आलं की ती हसत नाहीये.

"पण सरकारनं दोन खोल्या बांधून दिल्यात," मी म्हणाले, "तर तुम्ही तिकडं का राहता?"

"ते गावात येऊन गावालाच विचारा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर म्हनतील, नोकरीसाठी बोलून राह्यली."

हे तिचं बोलणं मला पटलं. आणि दुसरं, माझ्या सहीनं तिची नोकरी जाणार होती, तर तिथं जाऊन बघणं मला भागच होतं. मी जीप काढायला सांगितली. सहायकाला म्हटलं, "चला. आज तुमची बोली ऐकू या." तो बिचारा गप मागं बसला. नर्स पुढं माझ्या शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

अंबडच्या रस्त्याला कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बाया बांधावर बसून भाकरी खात होत्या. त्यातल्या काहींनी जीप बघून नर्सला हाक मारली, आणि तिनंही त्यांच्या पोरांची नावं घेऊन विचारपूस केली. कुणाचा खोकला, कुणाचं अंगावरचं दूध. सगळं तिला पाठ. समर्थांच्या जांबला दर्शनाला चाललेल्या माणसांची एक बैलगाडी वाटेत लागली, तिच्यातल्या म्हातारीनंसुद्धा हात वर केला. गावात न राहणाऱ्या बाईला कोण इतकं ओळखतं, असं मी सहायकाला मुद्दाम मोठ्यानं विचारलं. तो "हो मॅडम" म्हणाला.

गाव चढावर. वर मारुतीचं देऊळ, देवळाला लागून सरपंचांचं माळवदाचं घर, आणि त्याच्या समोर ते क्वार्टर. दोन खोल्या, पुढं छोटा ओटा, चांगलं सिमेंटचं काम. बाहेर नळाची तोटीसुद्धा होती. कुलूप सहायकानं सांगितलं तसंच गंजलेलं. तिथून वाट उतरत खाली जाते, आणि ओढ्याच्या काठाला बौद्धवाडा.

आधी तिनं आम्हाला तिकडं नेलं. एक खोली, तिच्यात ती आणि तिची म्हातारी माय. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं बाळंतपणाचं सामान आणि ते उकळायचं भांडं. मायनं चहा केला, गुळाचा. तिनं खडी फोडून लेकीला शिकवलं होतं. मायचा नवरा केव्हाच गेला होता. तिनं कप माझ्या हातात दिला आणि आढेवेढे न घेता म्हणाली, "बाईसाहेब, माझ्या लेकीची नोकरी घालवू नका. तिच्यामागं मी एकटीच हाय अन माझ्यामागं ती एकटीच." मी "बघू" म्हटलं. सरकारी माणसाला लागलेली ती सवयच आहे, आणि मला माझाच राग आला.

आम्ही पुन्हा वर निघालो तर अर्ध्या वाटेत एक गडी धावतच आला. "नर्सबाई! कुठं गेल्ता? सकाळपासून शोधून राह्यलो! सरपंचाच्या घरी सूनबाईला कळा लागल्यात. जल्दी चला!"

सूनबाई म्हणजे सरपंचांची बायको. नर्स उलट्या पावली परतली, फडक्यातलं सामान घेऊन आली आणि आमच्या पुढून झपाझप चढ चढून गेली. सरपंचांच्या दारात त्यांची आई उभीच होती. "ये गं बाई, ये. जीव टांगणीला लागलाय," असं म्हणत तिनं नर्सच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला आत घेऊन गेली. ओसरीवरून, माजघरातून, सरळ आतल्या खोलीत. कुणी अडवलं नाही, कुणी बाजूला सरकलं नाही. मी हे डोळ्यांनी बघितलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. अरे, इथं तर काहीच भानगड नाही! वाटेत माझ्या मनात जे येत होतं ते मीच उगाच घेऊन आले, असं वाटलं.

आम्ही ओसरीवर बसलो. सरपंच माणूस सभ्य होता. तरुण, मॅट्रिक झालेला, पांढरी टोपी. आतून कण्हणं ऐकू आलं की त्याचा चेहरा उतरायचा. थोड्या वेळानं त्याची आई बाहेर येऊन खांबाला टेकून बसली. "आता काळजी न्हाई," ती म्हणाली. "ती आली म्हंजे निम्मं काम झालं. तिच्या हाताला गुण हाय."

"मग नर्सबाई गावात राहतात," मी म्हणाले.

"राहत्यात की! बिलकुल राहत्यात. गेल्या साली माझ्या भाच्याची बायको हिनंच वाचवली. न्हाईतर गेल्तीच ती."

सहायकानं वही गुडघ्यावर घेतली. मला वाटलं, झालं. चूक दुरुस्त करायची, सही करायची, आणि जेवायला जालना गाठायचं. जाता जाता विचारावं म्हणून मी विचारलं, "मग समोरचं क्वार्टर सोडून त्या ओढ्याकाठी का राहतात? पावसात चढ चढून यायचं म्हणजे केवढा उशीर होतो."

सरपंच खाली बघायला लागला. "ते जरा... गावाचं असतंय, बाईसाहेब."

"गावाचं काय?"

त्याची आई बोलली. अगदी मोकळेपणानं, एखाद्या पाहुणीला घरची रीत सांगावी तशी. "आवो, समूर मारुती हाय. शेजारी आमचं घर. नळ एकच. तिनं तिथं कसं राहावं?"

"का? काय झालं राहायला?"

"ती खालची न्हवं का."

मी आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. "आत्ता ती तुमच्या घरात आहे. माजघरातून गेलीय. तुमच्या सुनेच्या अंगाला हात लावतीय."

"मंग?" म्हातारीला खरंच नवल वाटलं. "बाळंतिणीच्या खोलीत इटाळच असतोय की. तवा चालतंय. आमीबी शिवत न्हाई बाळंतिणीला. तिथं कुणी जावा, कायबी फरक पडत न्हाई."

मी सरकारी नोकरीत पुष्कळ बघितलं होतं. नसलेले पूल बघितले होते, मेलेल्या माणसांच्या सह्या बघितल्या होत्या, आणि त्या प्रत्येक वेळी समोरचा माणूस निदान नजर तरी चुकवायचा. ही बाई माझ्याकडं सरळ बघत होती. तिच्या लेखी यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. नर्सला घरात घेतलं होतं ते आपली म्हणून नव्हे. त्या खोलीत तिच्या येण्यानं बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून घेतलं होतं. मगाशी पाठीवर ठेवलेला तो हात मला आठवला.

"हे नर्सबाईंच्या वरच्या डॉक्टरांना माहीत आहे?" मी सरपंचाला विचारलं.

"सगळ्यान्ला माहीत हाय, बाईसाहेब. डाक्टरसाहेब आल्ते तवा म्हणले, तुमचं तुम्ही बघा, बाळंतपणं होऊन राह्यलीत न्हवं, मंग झालं."

म्हणजे वरचे साहेब जाणून होते. क्वार्टर का रिकामं हे जाणून होते, आणि ते रिकामं म्हणून हिला घरी बसवायला तेच आमच्या शेऱ्याची वाट बघत होते! माझं डोकंच बधिर झालं. ज्यांनी दार लावलं त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं. जिच्या तोंडावर लावलं तिची नोकरी जाणार होती, आणि कागद माझ्या सहीचा.

मग मात्र माझा पारा चढला. मी चष्मा काढला, आणि जे तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हणाले, "मग असं करा की! त्या क्वार्टरलाच बाळंतिणीची खोली म्हणा. गावातली सगळी बाळंतपणं तिथंच करा. म्हणजे तिथं बारा महिने विटाळ, आणि नर्सबाईला राहायची मुभा! काय?"

मी टोमणा मारला होता. लाजेनं ते खाली मान घालतील, असं मला वाटलं होतं.

म्हातारीनं हनुवटीवर बोट ठेवलं आणि विचार केला. खरोखर विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. "हां! हे बराबर हाय. हे न्हाई सुचलं कुणाला." ती लेकाकडं वळली. "खरंच की रं. बाळंतिणीची जागा म्हणल्यावर कोण काय म्हणंल? देवाचंबी काय म्हणणं न्हाई. नळाला येगळी तोटी बसव अन देऊन टाक किल्ली."

सरपंचाला तर जड ओझं उतरल्यागत झालं. "आज पंचायतीत घेतो," तो म्हणाला. "खर्चा बी काय लई न्हाई." सहायकानं माझ्याकडं बघितलं, आणि मला सांगायला लाज वाटते, त्याचाही चेहरा खुलला होता. "मॅडम, मग 'राहतात का' याच्यापुढं 'होय' असंच येईल. प्रश्नच मिटला."

माझी थट्टा त्यांनी तोडगा म्हणून उचलली होती. मी ओरडून म्हणायला हवं होतं की अहो, मी चिडून बोलले, हे भलतंच काय करताय! पण त्या तोडग्यानं तिची नोकरी वाचत होती. तिला पक्कं घर मिळत होतं, दाराशी नळ. हे मोडणारी मी कोण? तेवढ्यात आतून बाळाचं रडणं आलं, आणि सगळे उठून उभे राहिले. मुलगी झाली होती. म्हातारीनं आत डोकावून बघितलं, दोघी सुखरूप. सरपंच रडायलाच लागला.

बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली. मागच्या अंगणात हात धुतले, पदरानं तोंड पुसलं. म्हातारी तिच्यापुढं किल्ली घेऊन गेली. हातात दिली नाही, ओट्याच्या कडेला ठेवली. "घे. आजपासून समूरच राहा. बाईसाहेबांनीच मार्ग काढला." आणि मग तिनं तो मार्ग सगळा सांगितला, माझं नाव घालून.

नर्सनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मी मान हलवून सांगायचा प्रयत्न करत होते की तसं नव्हतं ते, पण ती किल्लीकडं बघत होती. तिनं ती उचलली. हातात घोळवली. त्या दोन खोल्या तिला हव्या होत्या. कुणाला नको होतील? पावसाळ्यात ओढ्याचं पाणी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याला लागायचं.

"अन माझी माय?" तिनं विचारलं.

"ती कशाला?" म्हातारी म्हणाली. "ती काय बाळंतपण करती का? ती राहील की तिथं खाली, तिच्या घरात."

नर्स दोन पावलं पुढं आली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. तिचे हात अजून ओले होते.

"तुम्ही तुमच्या कागदावर काय लिहायचं ते लिव्हा, बाई," ती म्हणाली. "नोकरी गेली तरी चालंल. मायला सोडून मी तिथं जानार न्हाई."

तिचा आवाज चढला नव्हता. पण मी तिला ओळखत नसूनही मला कळलं की अजिबात चालणार नाही. तिच्याकडं दुसरं काहीही नव्हतं. ती पुन्हा आत गेली, बाळंतिणीचं पोट बांधायचं राहिलं होतं.

मी सहायकाच्या हातातून टिपण घेतलं. त्याच ओसरीवर बसून त्याचा शेरा खोडला आणि लिहिलं की परिचारिका गावात राहते आणि काम चोख करते, निवासस्थान गावानं तिला नाकारल्यामुळे रिकामं आहे, आणि ही गोष्ट वरिष्ठांना आधीपासून माहीत आहे. सहायक खांद्यावरून वाचत होता.

"मॅडम, आपल्या तक्त्यात गावानं नाकारलं असा रकानाच नाही."

"मग पाडा रकाना!" मी इतक्या जोरात म्हणाले की देवळातली कबुतरं उडाली. सरपंच हात जोडून पुढं आला, बाईसाहेब, गावाची बदनामी होईल, एवढं नका लिहू, आम्ही किल्ली दिली न्हवं का. मी किल्ली त्याच्यापुढं ओट्यावर ठेवली. "ही त्या दोघींसाठी असेल त्या दिवशी मला पत्र टाका," मी म्हणाले. पत्र आलं नाही. पण यादी गेली तेव्हा तिचं नाव तीत नव्हतं. माझ्या शेऱ्यावरून वर पुष्कळ आदळआपट झाली. मला बोलावून समजावलं गेलं की हे आपल्या कामात बसत नाही. मी म्हटलं, राहते का, हा प्रश्न तुमचाच. क्वार्टरात का राहत नाही, हे विचारायला मला कुणी मनाई केली होती? एक शब्द मी बदलू दिला नाही.

निघताना म्हातारी जीपपर्यंत आली. हातात साखरेची पुडी होती, नातीच्या जन्माची. तिनं ती मला दिली आणि हळूच विचारलं, "बाईसाहेब, तिला राग आला का हो? आमी तर राहा म्हणलो." तिच्या डोळ्यांत खरी काळजी होती. तिला कळलं नव्हतंच. भल्या बाईला इतकं साधं कळू नये, याचा धक्का मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा बसला.

नर्स ओढ्याकडच्या वळणावर उभी होती. मी जीप थांबवून तिला सांगितलं, "नोकरीची काळजी करू नका. यादीतून तुमचं नाव काढलंय." तिनं डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मग डोळे पुसून म्हणाली की आता सांजच्याला पुन्हा वर जायचंय, बाळ दूध ओढतंय का बघायला.

"जाल त्या घरात?" माझ्या तोंडून निघून गेलं. "एवढं झाल्यावर?"

"जाते की. लेकराचा काय दोष?" ती म्हणाली. "सुवेर हाय, बाळंतिणीचा इटाळ हाय, तोवर मी त्या घरातलीच हाय, बाई. पोरीला न्हाऊ घालंन, मांडीवर घेईन, कुणी काय म्हननार न्हाई. बाराव्या दिवशी सुवेर फिटंल अन तिचं नाव ठेवत्याल. ते मी रस्त्यात उभी राहून ऐकंन."